एका सहीवर अडलेली गाडी

रेल्वेचं फाटक बंद झालं की तुम्ही काय करता? खरं सांगा. हॉर्न वाजवता, नाहीतर मोबाइलात मुंडकं घालता. समोरून धडधडत गाडी जाते. इंजिन कुठं होतं? डबे किती होते? नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं, आणि मी स्वतःला मोठा डोळे उघडे ठेवून फिरणारा माणूस समजत होतो.

तुमसरच्या पुढे, तिरोडी लाइनीच्या एका फाटकाला लागून जागेश्वर रामटेके यांची टिनाची शेड आहे. वय बासष्ट, काम सुताराचं. तान्ह्या पोळ्याला लेकरं चाकावरचे लाकडी बैल ओढत मिरवतात ना, ते बैल जागेश्वरभाऊ बनवतात. पोळा सरला की चाकं उरतात. त्या चाकांवर ते रेल्वे बसवतात.

दुकानातल्यासारखी नाही. दुकानातली म्हणजे पुढे इंजिन, मागे एकसारखे सहा डबे, झालं. भाऊंची गाडी पाहिली की वाटतं, एखाद्या पोरानं खेळण्यांच्या पेटीत हात घालून जे लागलं ते जोडलं. तीन इंजिनं आणि मागे काहीच नाही. एक इंजिन आणि एकटा गार्डाचा डबा; त्या जोडीला ते नवरी आणि पाठराखीण म्हणतात. मोठ्या लाइनीवरची एक मालगाडी तर शेडच्या तीन भिंती व्यापून आहे: तीन गाड्या एकीला एक जोडलेल्या आणि मधे मधे इंजिनं. यातली एकही मनातली नाही. सगळ्या खऱ्याखुऱ्या रुळावरून गेलेल्या.

खरी कशावरून? तर भाऊंचा एक कायदा आहे. वेगळी गाडी गेली की ते वही घेऊन फाटकावर थांबलेल्या लोकांत शिरतात आणि सह्या घेतात. कमीत कमी दोन. दोन साक्षीदार मिळाले तरच गाडीच्या पोटाखाली ‘खरी’ असं कोरायचं. पोलिसांच्या पंचनाम्यालाही एवढी इमानदारी मी पाहिलेली नाही. बायकोची, सत्यभामाबाईंची, सही चालत नाही.

“घरची साक्ष खोटी, अन् घरचा भात बरा चालते तुमाले!” सत्यभामाबाई म्हणतात.

आता मूळ गोष्ट. २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. लग्नसराई होती, फाटकाच्या दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या होत्या. रुळावरून आली रेल्वेच्या कामाची गाडी. सगळ्यात पुढे गार्डाचा डबा, त्यात हिरवी झेंडी धरून उभा माणूस. त्याच्या मागे एक जुना पिवळा डबा. मग इंजिन. आणि इंजिनाच्या मागे गिट्टीच्या दोन वाघिणी, मालाचे उघडे डबे. म्हणजे इंजिन मधोमध! भाऊंनी दोन सह्या घेतल्या, चार महिने खपून ती गाडी बनवली. त्यांची सगळ्यात देखणी गाडी तीच.

तालुक्याच्या हस्तकला प्रदर्शनात ती मांडायला मीच त्यांना ढकलत नेलं. तिथं परीक्षक होते केशवराव गुरुजी, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. गुरुजींनी चष्मा वर केला.

“इंजिनाच्या पुढे डबे? अरे, बैलाच्या पुढे गाडी जोडलीस की तू!”

लोक हसले. गुरुजींनी चिठ्ठी लावली: ‘काल्पनिक’.

भाऊंचा चेहरा पडला. बक्षिसाचं त्यांना काही नव्हतं. पण तीस वर्षं ज्यानं पाहिलं तेवढंच लाकडात उतरवलं, त्याला भर मंडपात लबाड ठरवलं होतं. “गुरुजी, चिठ्ठी बदला,” ते म्हणाले. “नंबर देऊ नोका. फक्त ‘खरी’ लिहा.”

“पुरावा?”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “उद्याच माहिती अधिकारात अर्ज टाकतो!” भाऊ मलाच म्हणाले, “कागदानं गाडी पाह्यली काय, भाऊ? मानसानं पाह्यली.” आणि त्यांनी पिशवीतून वही काढली.

मी ती हिसकावलीच. पान उघडलं. पहिली सही ताराबाईंची, फाटकावर उकडलेले शिंगाडे विकतात त्या. दुसरी सही वाचली आणि मला आनंदाची जी उकळी फुटली ती काय सांगू! लफ्फेदार अक्षर, खाली रेघ. केशवराव गुरुजींचीच!

“वाचा गुरुजी, मोठ्यानं वाचा!” मी ओरडलो. मंडपात आता उलटं हसू फुटलं.

गुरुजी लाल झाले. वही डोळ्यांजवळ नेऊन सही पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, “सही माझी आहे. पण त्या दिवशी भाचीच्या लग्नाला उशीर होत होता. मी फोनवर होतो. याने वही पुढं केली, पिच्छा सुटावा म्हणून सही ठोकली. गाडी मी पाहिली नाही.”

त्या फाटकावर दोनशे माणसं होती. दोनशे मोबाइल होते. एकाही बहाद्दरानं फोटो काढला नाही. सगळे मोबाइलाच्या आत होते.

तरी आपण जिंकलो होतो! सही ती सही. कोर्टातही चालली असती. पण जागेश्वरभाऊंनी कानामागची सुताराची पेन्सिल काढली आणि गुरुजींच्या सहीवर आडवी रेघ मारली.

“काहून खोडून राह्यले?” मी हात धरला.

“ज्यानं पाह्यलं नाही त्याची सही कायची गा? आता एकच उरली. आता ही गाडी माह्यासाठीही खरी नाही.”

गाडी कपड्यात गुंडाळली आणि ते निघाले. घरी जाऊन पोटाखालचं ‘खरी’ रंध्यानं साफ केलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. जिंकलेली लढाई हातानं सोडणारा माणूस मला सहन होत नाही.

नवव्या दिवशी गेलो, तर शेडसमोरच्या बाकावर गुरुजी बसलेले. ताराबाईंचे शिंगाडे सोलत होते.

“काय गुरुजी, लग्न झालं काय भाचीचं?” मी टोमणा मारला.

“चूप रे. गाडी येते आहे.”

फाटक पडलं. पुढे एक इंजिन आलं, मागे दोन रिकाम्या वाघिणी आणि उलट्या तोंडाचं दुसरं इंजिन. गुरुजी उभे राहून बोटावर मोजत होते. भाऊंनी वही दिली. गुरुजींनी सही केली, या वेळी लफ्फा न मारता, आणि खाली गाडीचं चित्रही काढलं. दुसरी सही मी केली. पाहून केली.

आता दर आठवड्याला गुरुजी असतात. फाटकावरचे लोकही विचारतात, “आज काय पाह्यलं, भाऊ?” हॉर्न कमी झालेत म्हणाल तर थोडे झालेत. पण ती मधोमध इंजिनाची गाडी अजून फळीवर आहे. पोट कोरं. भाऊ रोज तिची धूळ पुसतात.

म्हणून तुम्हाला विचारतो. २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार, सकाळी साडेदहा. तुमसरच्या पुढच्या त्या फाटकावर तुम्ही होता काय? एखाद्या वरातीच्या गाडीत, ट्रॅक्टरवर, एसटीच्या खिडकीशी? पिवळा डबा, मागे इंजिन, डोळ्यांनी पाहिलं होतं काय? पाहिलं असेल तर या आणि एक सही करा. पण खरंच पाहिलं असेल, तरच या.