मामंजी आणि पितळी स्टोव्ह

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर करजणजवळच्या एका लहान गावातलं. महाराजांच्या राज्यात मुलींनाही शाळेत घालावं लागे, नाही घातलं तर दंड व्हायचा. त्या धाकाने वडिलांनी मला गुजराती चौथीपर्यंत शिकवलं. सासरी या शिक्षणाचा उपयोग काय, असं आई म्हणायची. उपयोग झाला, पण तो असा होईल हे तिलाही सुचलं नसतं.

सासरी तीनच माणसं होती. सासूबाई, मामंजी आणि आमचे हे. मामंजी सरकारी रिसाल्यात घोडेस्वार होते. कवायतीत घोडा घसरून त्यांच्या अंगावर पडला, त्यात घोडा गेला आणि मामंजींचा उजवा गुडघा कायमचा आखडला. सरकारने पेन्शन देऊन घरी बसवलं. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आतबाहेर असेल. नागरवाड्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते सकाळपासून बसलेले असत. येणाऱ्याजाणाऱ्याने नमस्कार केला तर मान हलवायचे. बोलायचे फार कमी.

माझ्याशी तर नाहीच. आमच्या घरात सुनेने सासऱ्यांसमोर पदर पुढे ओढायचा आणि आवाज काढायचा नाही, अशी रीत होती. त्यांना पाणी हवं असेल तर ते भिंतीकडे बघून म्हणत, "पाणी मिळेल का घरात?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे फिरे. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी माझा आवाज कसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आमचे हे प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. पहाटे सायकल काढून निघायचे. त्याच्या आत चूल पेटवायची, चहा करायचा, भाकरी भाजायची. पावसाळ्यात लाकडं ओली असली की फुंकणीने फुंकून माझे डोळे लाल व्हायचे. एका संध्याकाळी हे सायकलच्या मागे खोकं बांधून आले. आत पितळेचा स्टोव्ह. पंप मारला की निळा जाळ, धूर नाही, असं त्यांनी सांगितलं.

सासूबाई लांबूनच बघत होत्या. "ह्या भांड्यात अग्नी कोंडलाय," त्या म्हणाल्या. "नैवेद्य मी चुलीवरच करणार. तुमचा चहा करा हवा तर."

पहिले चार-पाच महिने स्टोव्ह शहाण्यासारखा वागला. मी त्याला रोज राखेने घासून सोन्यासारखा लखलखीत ठेवायची. माझी समजूत अशी की वरून चकचकीत ठेवला म्हणजे झालं. मग हळूहळू त्याचं बिनसायला लागलं. पंप हलका लागे, वीस वेळा मारला तरी हवा धरत नसे. जाळ पिवळा येई, पातेल्याचं बूड काळं होई. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "रविवारी बघतो." पण कारखान्यात काम वाढलं होतं, रविवारीसुद्धा जावं लागे. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरचा स्टोव्ह उघडायला सवड मिळेना.

एका सकाळी उठायला उशीर झाला. हे सायकल पुसत होते आणि चहा झालेला नव्हता. मी घाईघाईने पंप मारला. भसकन जाळ छातीइतका वर आला आणि माझ्या पदराच्या टोकाने पेट घेतला. मी ओरडलेसुद्धा नाही, नुसती बघत राहिले.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि दोन्ही हातांनी पदर चुरगळून विझवला. मामंजी होते. आखडलेल्या पायाने ओट्यावरून स्वयंपाकघरात ते कसे पोहोचले कोण जाणे. मग त्यांनी वाकून हवेची चावी सोडली आणि स्टोव्ह शांत झाला.

"भाजलं का कुठं, पोरी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा तळहात मात्र भाजला होता.

त्या दिवशी हे कामावर गेले खरे, पण संध्याकाळी आले ते चेहरा उतरवून. आपल्या आईसमोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. ती महिनाभर सांगत होती." सासूबाईंनी फर्मान काढलं, स्टोव्ह उद्याच्या उद्या भंगारवाल्याला द्यायचा. रात्री हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, हे कामावर गेल्यावर, मामंजींनी ओट्यावरून सासूबाईंना हाक मारली. "तो स्टोव्ह इकडे आणून ठेवायला सांग तिला."

मी नेऊन ठेवला आणि दाराआड उभी राहिले. मामंजींनी जुनं धोतर अंथरलं आणि स्टोव्हचा एकेक भाग सोडवून त्यावर ओळीने मांडायला लागले. हाताला चिंधी बांधलेली होती तरी बोटं अडखळत नव्हती. बंदूक खोलून, पुसून, पुन्हा जोडायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय.

"तिला विचार," ते सासूबाईंना म्हणाले, "आधी पंप ढिला पडला की आधी जाळ पिवळा झाला?"

सासूबाई वळून मला म्हणाल्या, "आधी पंप की आधी जाळ?" मी हळूच म्हटलं, "पंप." सासूबाई ओट्याकडे वळल्या, "पंप म्हणतेय."

"तिला विचार, पंप मारताना आवाज यायचा का?"

असे सातआठ प्रश्न झाले. आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं आणि मधे सासूबाई देवळातल्या घंटेसारख्या इकडून तिकडे हलत होत्या. शेवटी त्या वैतागल्या. "तुम्ही दोघं बोला बाई. माझी डाळ करपतेय." आणि आत निघून गेल्या.

मी दाराआडूनच म्हटलं, "मामंजी, स्टोव्हबरोबर एक छापील कागद आला होता. गुजरातीत आहे. वाचून दाखवू का?"

"वाच."

मी कागद वाचत गेले आणि अडेल तिथे मराठीत सांगत गेले. मामंजी प्रत्येक भाग हातात घेऊन ऐकत होते. बर्नर आधी रॉकेलात भिजवलेल्या पेटत्या काकड्याने चांगला तापू द्यावा, मगच पंप मारावा, या ओळीवर आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

त्यांच्या ते लक्षात आलं. "काल काकडा पुरता जळू दिला होतास?"

मी म्हटलं, "नाही. घाई झाली होती."

मला वाटलं, आता रागावतील. ते भाग पुसत राहिले. "खोगीर चढवल्या चढवल्या दौड मारायला लावली तर चांगला घोडासुद्धा बिथरतो," ते म्हणाले. "त्याला सांग हे. स्वतःची चूक समजून पोरगा उपाशी झोपला. मी सांगणार नाही, तू सांग."

मी त्याच रात्री यांना सांगितलं. हे छताकडे बघत म्हणाले, "पण बिघडलेला होता ना? मग निम्मी चूक माझीच." आणि कुशीवर वळून झोपले.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटोळी चकती असते, वायसर म्हणतात तिला. ती वाळून तडकली होती. बाजारात तसलं वायसर मिळेना. दुकानदार म्हणाला, मुंबईहून येईल तेव्हा. मामंजी माजघरात गेले आणि त्यांच्या लाकडी पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. घोड्याच्या खोगिराचा तंग होता तो, खोगीर आवळायचा पट्टा. त्यांच्या घोड्याचं तेवढंच घरात उरलं होतं. दसऱ्याला तलवारीबरोबर त्याची पूजा व्हायची.

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, हे नका कापू. दुसरं चामडं आणू कुठूनतरी."

"ह्याच्यासारखं मिळायचं नाही. दहा वर्षं तेल प्यायलंय," मामंजी म्हणाले. "पेटीत झोपून ते कुणाच्या कामी येतंय?"

त्यांनी टोकाकडून रुपयाएवढा तुकडा कापला. कापताना चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण कापून झाल्यावर राहिलेला पट्टा बराच वेळ मांडीवर ठेवून बसले होते. तुकडा रात्रभर एरंडेलात भिजवला, सकाळी अंगठ्याने दाबून त्याला वाटीसारखा आकार दिला आणि दांड्याला बसवला. मग स्टोव्ह माझ्यापुढे सरकवला. "पेटव."

मी काकडा लावला, पूर्ण जळू दिला. "आता," ते म्हणाले. मी पंप मारला. तिसऱ्या दट्ट्यालाच हवा धरली आणि निळा जाळ घुमायला लागला. सासूबाईंनी न सांगता वर चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर रविवारची सकाळ म्हणजे घरातल्या हत्यारांची हजेरी, असं झालं. विळीला धार, अडकित्त्याच्या खिळ्याला तेलाचा थेंब, कंदिलाच्या काचा, कात्री, स्टोव्ह. मी शेजारी बसायची. पदर डोक्यावर असे, पण तोंड उघडं असे, आणि सासूबाई काही म्हणत नसत. रॉकेल फडक्यातून गाळून भर, गरम असताना टोपण उघडू नकोस, बर्नरच्या भोकात पिन मारताना घुसळू नकोस, भोक मोठं होतं, असं ते सांगायचे. गुडघा तोच होता, पण त्यांचं नुसतं बसून राहणं संपलं.

समोरच्या गुजराती बेन एक दिवस पदराखाली स्टोव्ह झाकून आल्या. "काका, अमारो स्टव बगडी गयो छे." मग त्यांच्या जाऊबाई, मग गल्लीतलं कुणीकुणी. मामंजींचा एक जुना रिसाल्यातला सोबती ओट्यावर येऊन हसला. म्हणाला, "भाला धरणारा गडी बायकांच्या चुली दुरुस्त करायला लागला." मामंजींनी वर न बघता विचारलं, "तुझ्या घरचा बरा चालतो ना?" पुढच्या आठवड्यात त्याने आपला स्टोव्ह नातीच्या हाती पाठवला.

पुढे मामंजींची नजर अधू झाली. बायका स्टोव्ह आणत, मी तो पेटवी आणि ते डोळे मिटून आवाज ऐकत. "पिन," म्हणत, किंवा "वायसर." हात माझे चालत. चुकले तर ते बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे, आणि माझं मलाच कळायचं.

ते गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात समोरच्या बेनच्या स्टोव्हचं वायसर गेलं. आता वायसरं बाजारात मिळू लागली होती. सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या आणि हे कामावर होते. मी चपला घातल्या आणि पहिल्यांदाच एकटी स्टोव्हच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे? त्याला पाठवा, माप त्याला कळेल."

"मीच आहे," मी म्हटलं. "डबा पुढे करा."

त्याने डबा पुढे केला. मी एकेक वायसर अंगठ्याने दाबून बघितलं, लवचीक होती ती चार निवडली, आणि सासूबाई उठायच्या आत घरी आले.