दुसरं कुलूप

माझा धंदा संशय घेण्याचा आहे. बेळगावातल्या लहानमोठ्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. सांभाळणं म्हणजे कोण आत आलं, कधी आलं, कुठून आलं, हे रोज सकाळी चहाबरोबर बघायचं. लग्नानंतर मी हिंडलग्याला घर घेतलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते की कुलपं लावायची ह्याची नोकरी, आनि ऱ्हायला गेला जेलच्या शेजारी. त्यांना अशी एखादी फिरकी सुचली की ती ते महिनाभर पुरवून वापरत.

आमचं घर वडगावचं, विणकरांचं. आजोबांचा जन्म मागावर गेला. आप्पा तरुणपणी मागावरून उठले आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला लागले. ओतून तयार झालेला माल कुणाचा, किती नग, कुठल्या गाडीनं जायचा, ही नोंद त्यांची. त्यांना प्रत्येक पॅटर्नचा, म्हणजे साच्याचा, नंबर आणि वजन तोंडपाठ होतं, आणि याचा त्यांना जरा जास्तच गर्व होता. जेवताना आमटीत मीठ जास्त पडलं तर विसरतील, पण अमुक पार्टीचा माल तमुक वर्षी परत आला होता हे विसरायचे नाहीत.

गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मालकांनीच सांगितलं की आप्पा, आता घरूनच काम करा. त्या फौंड्रीचे कॉम्प्युटरही माझ्याकडंच होते, तेव्हा ती सोय मी करून दिली. वडगावच्या घरात माजघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. ब्राउझर उघडायचा, नाव आणि पासवर्ड टाकायचा, की फौंड्रीतल्या कॉम्प्युटरचा पडदा घरात दिसायचा. आप्पा खूश झाले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माजघरातल्या माजघरात ते कामावर जायचे.

फौंड्रीच्या ऑफिसात पासवर्ड म्हणजे गावजेवण होतं. कुणाचा देवाचं नाव आणि एक दोन तीन, कुणाचा मुलाचा वाढदिवस, आणि सगळेच्या सगळे मॉनिटरच्या खाली चिकटवलेले. आप्पांचा पासवर्ड मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. तो टाकताना ते मलाही म्हणायचे, तिकडं बघ रं. मी त्यांचा मुलगा, वर त्या कॉम्प्युटरचा राखणदार, मनात आणलं असतं तर दोन मिनिटांत तो बदलू शकलो असतो. तरी मी निमूटपणे भिंतीकडं तोंड करायचो.

मग शेजारच्या एका कारखान्याच्या सगळ्या फायली कुणीतरी बाहेरून आत शिरून बंद करून टाकल्या आणि सोडवायचे पैसे मागितले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. फौंड्रीच्या मालकांनी मला त्याच दिवशी बोलावलं आणि दुसरं कुलूप लावायला सांगितलं. पासवर्ड ही माहीत असायची गोष्ट, ती चोरता येते. म्हणून दुसरं कुलूप हातातल्या वस्तूचं, मोबाइलचं. मोबाइलवर सहा आकडे दिसतात, ते अर्ध्या मिनिटात बदलतात, बदलायच्या आत कॉम्प्युटरवर टाकायचे. मी ते सगळ्यांना शिकवलं आणि मराठी, कन्नड अशा दोन्ही भाषांतून शिव्या खाल्ल्या. आप्पांच्या मोबाइलवर घरी जाऊन बसवून दिलं. त्यांनी एकदा बघितलं आणि कळलं म्हणाले.

आठवड्याभरातच सकाळच्या नोंदींत मला आप्पांच्या नावापुढं लाल रांग दिसली. चुकीचा कोड, चुकीचा कोड, चुकीचा कोड, खातं बंद. मी ते उघडून द्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझे कान टवकारले. कुणीतरी आप्पांचा पासवर्ड मिळवला होता आणि दुसऱ्या कुलपाशी अडत होता. खरं सांगतो, मला त्याचा आनंदच झाला. मी लावलेलं कुलूप चोराला अडवत होतं, आता मालकांना दाखवू म्हटलं. हा चोर कुठल्या देशातून येतोय ते मी शोधायला बसलो. पत्ता निघाला वडगावच्या आमच्याच घराचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

न सांगता मी सकाळी घरी गेलो. आप्पांची दाराकडं पाठ होती. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, आकडे पुटपुटले, मोबाइल खाली ठेवला, कॉम्प्युटरकडं वळले आणि त्यांची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. पुन्हा मोबाइल उचलला. तोवर आकडे बदलले होते. पुन्हा पुटपुटले, पुन्हा वळले. मोबाइल आणि कीबोर्ड यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं. तेवढ्या अंतरात सहा आकडे सांडत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला बघितलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून. तिला हे कधीचंच माहीत होतं.

कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडं आम्ही त्यांना नेलं. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते तीन शब्द परत विचारले. आप्पांना एकही सांगता आला नाही. ते हसून डॉक्टरांना म्हणाले, "हे बी तसलंच हाय की, ह्येच्या कोडासारखं." डॉक्टरही हसले. मग मला एकट्याला आत बोलावून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि तो मागं फिरत नाही हेही सांगितलं. जुनं बराच काळ टिकतं म्हणाले, नवं टिकत नाही.

यावर तोड आईनं काढली. नव्या ताण्याचे, म्हणजे उभे धागे मागाच्या फणीतून भरायला दोन माणसं लागतात. एकानं मागून एकेक धागा पुढं करायचा, दुसऱ्यानं समोरून तो ओढून घ्यायचा. आईनं माहेरी हे केलं होतं, लग्नानंतर आजोबांच्या मागावर आप्पांबरोबरही केलं होतं. ती मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी बसायला लागली. एक आकडा सांगायची, त्यांनी तो दाबला की पुढचा. आप्पांना काही धरून ठेवायचंच नव्हतं. दोन-तीन खेपांत जमायचं. मधेच आकडे बदलले तर आई नव्यानं सुरू करायची, न चिडता, जसा तुटलेला धागा परत द्यावा. पासवर्ड मात्र ते स्वतः टाकत, तिला तोंड फिरवायला लावून. तो त्यांच्या बोटांत जुना मुरलेला होता.

लाल रांग कमी झाली. मला वाटलं, निभावलं. पण दार उघडलं म्हणजे आतलं काम जमतं असं नाही. एकाच मालाची चलनं दोनदा निघाली. एका पार्टीची गाडी दुसरीकडं गेली आणि भरलेली परत आली. मालक भला माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की पेन्शनीचं, हिशोबाचं सगळं मी नीट करतो, पण आप्पांना आता थांबवायला पाहिजे, आणि ते मी माझ्या तोंडानं सांगणार नाही, तू सांग. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी वडगावला गेलो, जेवलो, आणि काही न सांगता आईला घेऊन परसात आलो.

आईला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ तुळशीजवळची पानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "दार बंद करू नको रं त्येंचं. आत काय ठेवायचं ते तुझं तू बघ."

म्हणून मी फौंड्रीच्या नोंदींची एक जुनी नक्कल काढली. पडदा तोच, पार्ट्या त्याच, पण तिथं काही केलं तरी बाहेर काही घडत नव्हतं. चलन निघालं तरी गाडी हलत नव्हती. आप्पांचं खातं मी तिकडं वळवलं. दुसरं कुलूप काढून टाकता आलं असतं, कारण आत चोरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी ते काढलं नाही. सकाळची ती दोघांची बैठक मोडावी असं मला वाटलं नाही. माझ्या हाताखालच्या सगळ्या कारखान्यांत रिकाम्या खोलीला दोन कुलपं असलेली ही एकच.

काही दिवस बरे गेले. आप्पा शर्ट घालून बसायचे, दुपारी आईला किती माल गेला ते सांगायचे. आई हं म्हणायची. मला मात्र तिथं बसवत नसे. स्वतःच्या बापाला आपण खेळातलं दुकान मांडून दिलंय, असं वाटून माझी चिडचिड व्हायची, आणि ती मी बायकोवर काढायचो.

एका दुपारी आई शेजारी गेली होती. आप्पांनी मला बोलावून खुर्ची ओढायला सांगितली आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही गाडी गुडघ्याच्या आपरेशनाआधीच्या पावसाळ्यात गेलती. डायवर भांडलता वजनावरनं. मी सोता काट्यावर उभा ऱ्हाऊन सोडलती."

त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.

"सगळा जुनाच माल चाललाय. मला कळत न्हाय असं वाटलं व्हय तुला?"

कधीपासून कळतंय, असं मी विचारलं.

"पयल्या दिवसापास्नं." त्यांनी बोट काढून घेतलं. "असू दे. सकाळी तुझी आई आकडं देत बसतीया. तिला वाटतंय मी अजून कामाचा हाय. तिला सांगू नको."

मी सांगणार नाही म्हणालो. आईनंच हे करायला लावलंय, हे मी त्यांनाही सांगितलं नाही. ती त्यांच्यासाठी धागा देत होती, ते तिच्यासाठी ओढत होते, आणि कापड होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. घरी परतताना मी वाटेत गाडी थांबवली आणि रडलो. चाळिशीच्या माणसानं रस्त्याच्या कडेला रडावं, इतकं ते मला लागलं.

पुढं आप्पा झपाट्यानं उतरले. बोलणं कमी झालं. मला ते कधी माझ्या नावानं, कधी त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारत. पण सकाळच्या नोंदींत मला वेगळंच दिसत होतं. त्यांच्या नावापुढं आता चुकीचा कोड एकही नव्हता. रोज पहिल्याच खेपेला दार उघडत होतं. माणूस आशेला किती भुलतो बघा. औषध लागू पडतंय, असं मी आठ-दहा दिवस धरून बसलो, बायकोलाही सांगितलं. मग माझ्यातला राखणदार जागा झाला. आप्पांना दोन-तीन खेपा लागायच्या. हा जो कोणी पहिल्या खेपेला आत जात होता, तो आप्पा नव्हता.

मी पुन्हा न सांगता गेलो. आप्पा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. कॉम्प्युटरसमोर आई होती. चष्मा नाकावर, डाव्या हातात मोबाइल, उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. दार उघडलं, फौंड्रीचा पडदा आला, आणि आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ते त्याच्याकडं नुसते बघत राहिले.

आईनं मला बघितलं. पडदा दिसला की ते शांत बसतात, ती हळू आवाजात म्हणाली. नाही दिसला तर उठून फौंड्रीला जायचं म्हणून रस्त्याला लागतात. परवा त्यांना पार चौकातून हाताला धरून आणलं होतं, मला कळवलं नव्हतं.

ते सगळं माझ्या डोक्यात शिरत होतं, पण धंद्याची खोड जात नाही. मी तिला विचारलं की आकडे मोबाइलवर दिसतात हे ठीक, पण पासवर्ड तुला कुणी सांगितला?

"त्येंनीच," आई म्हणाली. "इसरायच्या आधी देऊन ठेवला."

एवढ्यात वेळ होऊन पडदा आपोआप बंद झाला. तसा नियम मीच घातला होता, बराच वेळ कुणी काही केलं नाही तर दार लागतं. आप्पा खुर्चीत चुळबुळायला लागले, एक पाय जमिनीवर टेकवून उठायला बघायला लागले. आईनं घाईनं मोबाइल उचलला, कीबोर्ड जवळ ओढला, आणि बोट टेकवायच्या आधी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"तिकडं बघ रं," ती म्हणाली.

दुसऱ्याच्या नावानं आत शिरणाऱ्या माणसाला अडवायचं, याचेच मला पैसे मिळतात. मी भिंतीकडं तोंड केलं.