टेपकाकूंची खुर्ची

टेपकाकूंना गळ्यात मापाची टेप नसताना कुणी पाहिलेलंच नव्हतं. बाजारात टेप, बँकेत टेप, आणि एकदा तर शेजारच्यांच्या लग्नात त्या टेप तशीच गळ्यात ठेवून जेवायला बसल्या होत्या. त्यांचं खरं नाव घरच्यांना ठाऊक होतं, गल्लीला त्याची कधी गरज पडली नाही. माणूस उंबऱ्याच्या आत येईपर्यंत त्याचं माप काकूंच्या डोळ्यांत आलेलं असे. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, असं त्या स्वतःच सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यांच्या हाताची ख्याती होती ती मायेबद्दल. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाकीचे शिंपी ती बोटभर सोडतात, काकू सढळ हाताने सोडत. त्यांनी शिवलेला शाळेचा शर्ट पोर वाढलं की उसवून मोठा व्हायचा, पुढच्या वर्षी पुन्हा मोठा व्हायचा, आणि शेवटी धाकट्या भावाला जायचा. "कापलेलं परत जोडता येत नाही, दुमडलेलं कधीही उलगडता येतं," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की काका ते झोपेतही म्हणून दाखवत.

काका म्हणजे त्यांचे यजमान. ते एका गोदामातून निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी दुसरं गोदाम थाटलं. मागच्या गॅलरीत काय नव्हतं? बिनपात्यांचा पंखा, गळकी किटली, तुटकी छत्री, दोऱ्यांची भेंडोळी, पुठ्ठे, आणि गोदामातून आठवण म्हणून आणलेलं एक जाड लाकडी खोकं. प्रत्येक वस्तूवर काकांचा एकच शेरा होता, "लागेल कधीतरी." आता त्या गॅलरीला काचा लावून ती पक्की बंद करायचा त्यांचा बेत होता. पावसाने सामान भिजतं म्हणे.

हे सगळं असंच चाललं असतं, पण काकूंच्या उजव्या हाताची बोटं रुसली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग सुई ओवता येईना, तेव्हा रोज सकाळी काका चष्मा पुसून सुया ओवून ठेवायला लागले. काकूंनी ते वयावर ढकललं. मग एके दिवशी कापताकापता कात्री हातातून निसटली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडात रुतून उभी राहिली. काकूंनी तो फाटका भाग खिशाच्या आत दडवून कोट असा शिवला की गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली होती.

डॉक्टरीणबाईंनी मान दाबून पाहिली, बोटं ओढून पाहिली. "मानेत नस दबलीये, काकू. मशीन चालू ठेवायचंय ना? मग रोज दुपारी अर्धा तास उघड्यावर बसायचं. डोकं टेकलेलं, पाठ टेकलेली, आणि कोमट पाण्यात हाताचे व्यायाम. चुकवलंत तर पुढच्या वर्षी मशीन विकायला काढाल. घराला अंगण, गच्ची काही आहे का?"

"गॅलरी आहे," काकू म्हणाल्या, "पण ती यांची आहे."

सोबत आलेल्या काकांनी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर काकूंनी पदार्थ चाखून मीठ कमी आहे सांगावं तितक्या सहज सांगून टाकलं. "गॅलरी मला हवी."

"सगळी?"

"सगळी. आणि काचा लावायच्या नाहीत. मला वारा हवाय, मुरंबा नाही घालायचा."

"आणि सामान कुठं जाईल?"

"जिथून आलं तिथं. मी तुमच्याकडं मागत नाहीये, तुम्हाला सांगतेय."

काकांना बायको चांगलीच ठाऊक होती. त्यांनी दोन दिवसांत गॅलरी मोकळी केली, फक्त ते खोकं पलंगाखाली सरकवलं. काकूंना ते दिसलं. हत्ती गेला, शेपटासाठी कुठं भांडायचं म्हणून त्या गप्प बसल्या. गळकी किटलीही त्यांनीच ठेवून घेतली आणि तिच्यात पुदिना लावला. भांडं गळकं, म्हणजे मुळं कुजणार नाहीत.

राहिली खुर्ची. बाजारातल्या खुर्च्या कुणा दुसऱ्याच्याच पाठीसाठी केलेल्या होत्या. कुठं डोकं टेकत नव्हतं, कुठं कंबर अधांतरी. शेवटी चौकातला सुतार म्हणाला, "काकू, माप द्या, करून देतो."

इथं सगळं अडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभराची मापं घेणाऱ्या या बाईने स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. उरलेल्या कापडात बसेल ते अंदाजाने शिवायचं आणि घालायचं. आणि स्वतःची पाठ काही स्वतःला मोजता येत नाही. म्हणून टेप काकांच्या हातात गेली. काकांनी ती आधी उलटी धरली.

"श्वास रोखू नकोस, सोड," ते म्हणाले. वर्षानुवर्षं पुढच्या खोलीतून काकूंच्या तोंडून ऐकलेलं वाक्य होतं ते. काकू हसल्या. मग टेप खांद्यापाशी येऊन थांबली.

"झालं का?"

"तुझा हा उजवा खांदा," काका हळूच म्हणाले, "एवढा खाली कधी उतरला गं?"

"कात्रीचा हात आहे तो."

काकांनी त्या खांद्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. इतकी वर्षं आपण हिला फक्त समोरून पाहिलं, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी आकडे वाचून दाखवले आणि काकूंनी ते सुताराला नेऊन दिले.

खुर्ची आली ती दोघांना उचलून आणावी लागली. काकू तिच्यात बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा, डोकं टेकायची फळी डोक्याच्या वर, आणि पाय जमिनीपासून वर लोंबकळत. काका हसता हसता दाराला धरून उभे राहिले. सुतार घाबरून मापाचा कागद काढायला लागला, पण काकूंना कळून चुकलं होतं. जित्याची खोड. सुताराला देताना प्रत्येक आकड्यात त्यांनीच चहूबाजूंनी माया धरली होती.

"काकू," सुतार म्हणाला, "लाकडात दुमडायला काही नसतं हो. परत नेऊ का? छाटून आणतो."

"हात लावायचा नाही," काकू खुर्चीच्या तळातून म्हणाल्या. "या घरातून सैल झालं म्हणून काही परत गेलेलं नाही. आल्टर होतं."

आणि केलं त्यांनी आल्टर. मशीनखाली साठलेल्या चिंध्या भरून दोन्ही बाजूंना दोन लोड, पाठीला गादी, मानेला गुंडाळी. खुर्ची कोटासारखी अंगाबरोबर बसली. लोंबकळणारे पाय तेवढे राहिले. तेव्हा काका आत गेले, पलंगाखालून ते खोकं ओढून आणलं आणि काकूंच्या पायाखाली ठेवलं. तंतोतंत बसलं. काकांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की काकूंनी मुद्दाम पुदिन्याकडे पाहिलं.

पण खुर्ची मिळाली म्हणजे बसायला मिळतं असं थोडंच आहे. पहिल्या आठवड्यात काकू टेकल्या रे टेकल्या की पुढून काकांची हाक यायची, "अगं, गिऱ्हाईक आलंय." त्या उठायच्या. बोटं तशीच बधिर. शेवटी त्यांनी काकांना समोर उभं केलं.

"हा अर्धा तास म्हणजे घेतलेली ऑर्डर आहे. मी आजवर कुणाची ऑर्डर चुकवलेली नाही. ही माझी स्वतःची आहे म्हणून चुकवू का?"

दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी पुढच्या दारात स्टूल टाकून बसायला लागले.

"काकू कामात आहेत," ते आलेल्याला सांगत.

"मशीनचा आवाज तर येत नाही."

"दुसऱ्या कामात आहेत. अर्ध्या तासाने या."

गिऱ्हाइकं कुरकुरली आणि अर्ध्या तासाने आली. मागे काकू कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून मुठी उघडत, मिटत. मान गुंडाळीवर टेकलेली, ऊन गुडघ्यांवर, पुदिन्याचा वास. पहिले काही दिवस त्यांना हे चोरी केल्यासारखं वाटलं. मग वाटेनासं झालं, आणि पुढे तर कुणी विचारलं तर त्या स्वतःहून खुर्ची दाखवायला न्यायला लागल्या.

ऋतू बदलला. एका सकाळी काका नेहमीसारखे चष्मा पुसत मशीनपाशी आले. सुया ओवलेल्या होत्या. सगळ्या. पांढरा दोरा, काळा दोरा, निळा दोरा, टाचणगादीवर ओळीने टोचून ठेवलेल्या. काकू मशीनवर होत्या, मान वर केली नाही, पण ओठ दाबून हसत होत्या.

काकांनी एक सुई उचलून पाहिली, परत टोचली. चष्मा हातातच राहिला. आनंद झाला होता, डोळेही भरले होते, पण हातांना काम उरलं नाही तर माणसाने उभं कुठं राहायचं?

काकूंनी मशीन थांबवलं. गळ्यातली टेप काढली.

"वळा," त्या म्हणाल्या. "पाठ इकडं."

"कशाला?"

"गॅलरीत अजून एका खुर्चीची जागा आहे. दुपारी दाराला कडी घालू, लोकांना आता वेळ माहीत झालीये."

काका वळले. काकूंनी खांद्यापासून कंबरेपर्यंत टेप धरली, मग आडवी धरली, खडूने टेबलाच्या कडेवर आकडे लिहिले. सवयीने हात आकडे वाढवायला गेला आणि थांबला.

"आता बरोबर लिही हं," काका म्हणाले. "सुतार वेडा होईल."

काकूंनी बाजूने डोकावून त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं, आणि रुंदीच्या आकड्यात चार बोटं वाढवून टाकली.

"बसून बसून सुटाल," त्या म्हणाल्या.