लुंडच्या पंगतीला

"नाव दिलंय, आता जायचं."

माझी धाकटी बहीण सरोजिनी असं म्हणाली की पुढचं बोलणं संपायचं. वारणेच्या काठच्या आमच्या शाळेत तिनं खो-खोला नाव दिलं होतं. सामन्याच्या दिवशी अंगात ताप, आई दार अडवून उभी. ही परसदारानं निसटली, खेळली आणि परत येऊन घोंगडीत शिरली. जिंकली की हरली हे आता कुणाच्या ध्यानात नाही. ती गेली होती, एवढं गावाच्या ध्यानात आहे.

बारावीनंतर कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं, तेवढ्यात मनोहररावांचं स्थळ आलं. "शिक्षणाचं काय, पुढच्या वर्षी घालता येईल नाव," असं आमचे वडील म्हणाले आणि लग्न झालं. मनोहरराव सिंगापूरला तुआसमध्ये जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. बुकित बातोकला सातव्या मजल्यावर फ्लॅट. सरोजिनी तिथं रुजली. पेरूच्या फांदीला माती बांधून मुळ्या फोडाव्यात आणि मग ती दुसरीकडे लावावी, तशी. गाजावाजा न करता.

तिथल्या मराठी मंडळात गणपती असो की दिवाळीचा फराळ, स्वयंपाकाला पहिलं नाव तिचं. कमरेएवढ्या पातेल्यात मसालेभात ढवळायचा, पंगतीला वाढायचं, आणि सगळे उठले की ओट्याला टेकून उभ्या उभ्या चार घास खायचे. घरात कुणी कुरकुरलं की तिचं ते ठरलेलं वाक्य. मग मनोहररावही मुकाट्यानं पातेल्याचा दुसरा कान धरायचे.

मुलगी ऋग्वेदा कॉलेजात गेली, तेव्हा सरोजिनीनंही मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या एका विद्यापीठात नाव घातलं. विषय समाजकार्य. दिवसा म्हाताऱ्यांच्या देखभाल केंद्रात नोकरी, संध्याकाळी वर्ग. दोन वर्षं हे चाललं. आणि एक दिवस जेवताना तिनं सांगितलं की एक सत्र स्वीडनला, लुंड नावाच्या गावी, एक्सचेंजला जायची सोय आहे आणि तिनं नाव दिलंय.

"आई, एक्सचेंजला माझ्या वयाची मुलं जातात, लाह," ऋग्वेदा तिथल्या बोलीतला शेपटा लावून म्हणाली.

"मग तू का नाही गेलीस?"

"मला थंडी सोसत नाही."

"मला सोसते का ते बघून येते. मग तुला सांगते."

मनोहरराव हसले. त्यांना वाटलं, महिनाभरात परत येईल. ऑगस्टात ती गेली आणि चार महिने आली नाही.

नाताळच्या सुट्टीत ती आली, कारण तेव्हा लुंड ओस पडतं. पोरं आपापल्या घरी जातात. मी तेव्हा सिंगापूरलाच होतो. माझं पासष्टावं वरीस सरलं म्हणून भाचीनं बोलावून घेतलं होतं. दारासमोरच्या लांब व्हरांड्यात आम्ही बहीणभाऊ मटार सोलत बसायचो. खाली रेन ट्रीची मोठी झाडं, समोर कपडे वाळत घातलेल्या बांबूच्या रांगा. आणि ती मला तिथलं सांगायची.

"दादा, तिथं बर्फ कमी, वारा फार. सायकलीवर बसलं की वारा मागं ढकलतो. आता डिसेंबरात तर दुपारी चहा घेईस्तोवर दिवस मावळतो. पहिले पंधरा दिवस मी खोलीतच बसून होते. एका मजल्यावर आम्ही बाराजण, एकच स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये ज्याचा त्याचा कप्पा. शुक्रवारी भिंतीपलीकडं गाणी वाजायची आणि मी डोक्यावर उशी घ्यायची."

"मग?"

"मग शेजारच्या खोलीतली आनिका आली. पोरगी ऋग्वेदाएवढी. म्हणाली, आमच्या नेशनमध्ये कांदे चिरायला माणूस कमी आहे, येतेस का? कांदे म्हटल्यावर मी उठले."

नेशन म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांची मंडळं. शेकडो वर्षांची जुनी. त्यांची स्वतःची घरं, स्वयंपाकघरं, आणि रात्रीचे नाचाचे क्लबही. बाहेरचा मालक नाही, नोकर नाही. दारावर उभा राहणारा विद्यार्थी, बिअर ओतणारा विद्यार्थी, लादी पुसणाराही विद्यार्थीच. सरोजिनीनं आधी कांदे चिरले, मग कोट सांभाळायच्या खिडकीत उभी राहिली. पोरं आत गरम व्हायची आणि परत जाताना कोट विसरून तशीच वाऱ्यात निघायची. ही त्यांना हाक मारून कोट घालायला लावायची.

"आणि मग काम संपलं की," ती मटाराच्या शेंगेकडे बघत म्हणाली, "आम्ही नाचतो."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मी पण."

मी शेंग सोलत राहिलो. आमच्या गावच्या लेझमीत ती पोरांच्या रांगेत शिरायची, ते मला आठवलं.

जानेवारीच्या मध्यावर तिला परत पोचायचं होतं. शेवटच्या विषयात गटानं उभं राहून काम मांडायचं असतं, हजर राहूनच. ते चुकलं तर सगळं सत्र वाया. आणि त्याच आठवड्यात नेशनची एक मोठी पंगत. ज्यांनी सत्रभर काम केलं, फक्त त्यांच्यासाठी. लांबच लांब टेबलं, मेणबत्त्या, प्रत्येक पदार्थानंतर सगळ्यांनी मिळून गाणं. त्या दिवशी काम करणाऱ्यांनी बसायचं आणि दुसऱ्यांनी वाढायचं. सरोजिनीनं तिथंही नाव दिलं होतं.

सगळं सुरळीत होतं, तोवर तो फोटो आला.

लुंडला मुकुल नावाचा एक मराठी संशोधक आहे. त्यानं कौतुकानं काढलेला फोटो तो. कुणी कुणाला पाठवला माहीत नाही, पण नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तो सिंगापूरच्या मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडला. लाल उजेड, गर्दी, आणि मधोमध सरोजिनी. दोन्ही हात वर. अंगात निळा, गळ्यापासून पायापर्यंत एकच असा कपडा, त्यावर रंगीबेरंगी ठिगळं. शेजारी एक ताडमाड सोनेरी केसांचा पोरगा.

मनोहररावांनी फोन जवळ नेला, लांब नेला.

"हा तर बॉयलर सूट आहे," ते म्हणाले. "आमच्या यार्डात वेल्डर घालतात तो."

"तिथं विद्यार्थी घालतात, पार्टीला," सरोजिनी म्हणाली. "आनिकानं दिला."

"बाबा, इट्स अ थिंग, तिकडची पद्धतच आहे ती," ऋग्वेदा म्हणाली. मग हळूच, "पण आई, माझ्या मैत्रिणींच्या आयांनी पण बघितलाय. सगळ्यांनी."

"बरा आलाय का?"

"आई!"

मनोहरराव हसले नाहीत. "तू मला सांगितलं होतंस, स्वयंपाकघरात मदत करते."

"करतेच. नंतर नाचते. ते तुम्ही विचारलं नाहीत."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, "झालं तेवढं पुष्कळ झालं. आता परत जायची गरज नाही. हे सत्र पुढच्या वर्षी इथंच पुरं कर."

मनोहरराव वाईट माणूस नाही, हे मी लिहून ठेवतो. या बाईची फी त्यांनीच हौसेनं भरली, तिच्या परीक्षेच्या वेळी डबा करून दिला. पण गावाकडून जाऊन परमुलखात नाव कमावलेल्या माणसाला चार घरांचीच भीती जास्त वाटते. तिथं मराठी घरं थोडी. जो तो दुसऱ्याला वर्षातून दहा वेळा भेटतो.

शनिवारी दुपारी मंडळाची शुभा आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलायला, असं म्हणाली. बरोबर तिळाची वडी आणली होती. चहा झाला. मग तिनंच सुरुवात केली.

"सरोजिनीताई, मला काही वाटत नाही हो. पण बायका बोलतात. मी म्हटलं आपण जाऊन विचारावं."

"विचार की."

सरोजिनीनं तोंड उघडायच्या आत मनोहरराव पुढे सरकले. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. आवाजात आदर होता.

"त्याचं असं आहे, शुभाताई. ती तिथं पोरांना सांभाळायला जाते. आईसारखी. कोवळी पोरं, पितात, थंडीत तशीच निघतात. ही त्यांना कोट घालते, घरी लावून देते. एक प्रकारची समाजसेवाच. तिचा अभ्यासाचा विषयच तो. फोटोत एक क्षण दिसतो, बाकीचं दिसत नाही."

शुभाचा चेहरा उजळला. ओझं उतरल्यासारखी ती मागं टेकली. "तेच म्हटलं मी! तरीच. मी सांगते सगळ्यांना. ताई, तुम्ही हळदीकुंकवाला दोन शब्द बोला ना यावर. तिकडची मुलं आणि आपले संस्कार, असं काहीतरी."

दार उघडलं होतं. एवढं एक हो म्हटलं असतं तर मंडळ खूश, नवरा खूश, विमानाला सोडायला अर्धं बुकित बातोक आलं असतं. मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी होती, आणि मला वाटतं, प्रेमही होतं. तिला परत जाता यावं म्हणूनच त्यांनी ही वाट काढली होती.

सरोजिनीनं कप खाली ठेवला.

"कोट घालते, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण मी तिथं कुणाची आई म्हणून जात नाही, शुभा. मी नाचायला जाते. मला आवडतं."

"अहो पण..."

"फोटोत दिसतंय तेच आहे. बाकी काही लपलेलं नाही त्यात."

"पिता पण का?" शुभानं विचारलं. विचारून झाल्यावर स्वतःच दचकली.

"एकदा घोटभर घेऊन बघितली. कडू लागली. आता सफरचंदाचा रस घेते. आवडली असती तर तेही सांगितलं असतं."

ऋग्वेदा खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिचा हात तोंडावर गेला. हसू होतं की धसका, कळलं नाही.

"आणि आता परत कशाला जायचं?" शुभाचा आवाज जरा चढला. "संक्रांतीला इथं शंभर बायका येणार. तुमच्याशिवाय स्वयंपाक कोण बघणार? तिकडं काय मोठं काम आहे?"

"परीक्षेचं काम आहे. आणि एक जेवण आहे."

"जेवण करायला चाललात?"

"करायला नाही. बसून जेवायला. तिथं वाढणारे दुसरे आहेत." मग ती जरा थांबली. "इतकी वर्षं मंडळाच्या पंगतीला माझं पान कुठं असतं, आठवतं का तुला?"

शुभा आठवू लागली. खरंच आठवू लागली, मान वर करून. आणि तिला काही आठवलं नाही. तिळाच्या वड्या तशाच ठेवून ती उठली. दारात चपला घालताना तिच्या पायाला पट्टा सापडेना. "येते हं, ताई," म्हणाली, आणि लिफ्टकडे गेली.

मग मनोहरराव बोलले. मोठ्यानं नाही.

"मी तुझ्यासाठी बोलत होतो."

"माहीत आहे मला."

"नुसतं गप्प बसायचं होतंस. खोटं काहीच नव्हतं त्यात."

"अर्धं खरं होतं. लोक ते अर्धं घेऊन गेले असते, तर उरलेलं अर्धं मला जन्मभर लपवत बसावं लागलं असतं. अहो, मी कांदे चिरते तेव्हा चांगली, कोट घालते तेव्हा चांगली. नाचते तीही मीच आहे ना?"

"आपण पुढच्या वर्षी..."

"पुढचं वर्ष मी एकदा ऐकलंय," सरोजिनी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वडिलांचा तो शब्द मीही तेव्हा ऐकला होता.

"गेलीस तर तुझी तू जा," मनोहरराव म्हणाले. "मी विमानतळावर येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि भांडी घासायला गेली.

उरलेले चार दिवस घर जेवत होतं, झोपत होतं, पण बोलत नव्हतं. सरोजिनीनं आपल्या गटाची मांडणी टेबलाशी बसून पाठ केली, मोठ्यानं, इंग्रजीत. मनोहररावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात नाही, पण लपवूनही नाही. एका दुपारी मी पाहिलं, ते आरशासमोर दाढी करताना थांबून ऐकत होते. एक वाक्य ती चुकली, तेव्हा त्यांचे ओठ हलले. त्यांनाही ते पाठ झालं होतं.

जायच्या दिवशी भर दुपारी ऊन पडलं होतं. ऋग्वेदानं टॅक्सी बोलवते म्हटलं, आईनं नको म्हटलं. स्टेशन समोरच, एमआरटीची रेल्वे विमानतळापर्यंत नेते. मी बॅग उचलायला गेलो, तर तिनं माझा हात बाजूला केला. "चाकं आहेत, दादा." माझ्या पाया पडली. मग मनोहररावांपाशी गेली. ते सोफ्यावर पेपर धरून बसले होते.

"फ्रिजमध्ये आमटी आहे. निघते मी."

"हं."

"पोचल्यावर फोन करते."

पेपर हलला नाही. ती बाहेर पडली. ऋग्वेदा लिफ्टपर्यंत गेली, आईच्या गळ्यात पडली आणि काहीतरी कानात बोलली. सरोजिनी मोठ्यानं हसली. लिफ्टचं दार मिटलं.

मी व्हरांड्याच्या कठड्याशी उभा राहिलो. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी आल्यासारखं वाटलं. मनोहरराव होते, पेपर हातातच. खाली सरोजिनी इमारतीच्या सावलीतून उन्हात आली. बॅग मागे खडखडत होती. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरपाशी एका ओळखीच्या चिनी म्हातारीनं तिला हात केला, तिनंही केला, पण थांबली नाही. सिग्नलला उभी राहिली, हिरवा झाला, पलीकडे गेली. चाल तीच, खो-खोच्या मैदानाकडे जाणारीची. घाई नाही, आणि मागं बघणं नाही.

मनोहरराव कठड्यावर वाकले, आणखी वाकले. झाडाच्या फांद्यांआड ती दिसेनाशी झाली, मग स्टेशनाच्या पुलाच्या पायऱ्यांवर पुन्हा दिसली, बॅग एकेक पायरी वर घेत. ऋग्वेदा येऊन बापाच्या पलीकडे उभी राहिली. आम्ही तिघं बघत होतो. ती शेवटची पायरी चढली, तिनं बॅग सरळ केली आणि ती स्टेशनात शिरली.

मी आत आलो. ऋग्वेदाही आली. मनोहरराव तिथंच उभे होते, त्या पुलाकडे बघत.