वेचणीचा शर्ट

"तो शर्ट काढायला सांगा तिला. सगळं चित्र बिघडतंय."

सर जिला 'ती' म्हणाले ती माझी आई होती. वर्गात हे फक्त मला माहीत होतं.

जळगावहून आमचा चित्रकलेचा वर्ग धरणगावजवळच्या एका कापसाच्या शेतात आला होता. आदल्या आठवड्यात सरांनी पडद्यावर फ्रान्समधल्या जुन्या चित्रकारांची चित्रं दाखवली होती. गवत वाळवणाऱ्या, सफरचंदं तोडणाऱ्या बाया. गालावर कोवळं ऊन, सावल्या निळ्या. "कष्ट कुठे दिसतात का बघा. फक्त प्रकाश," सर म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, मला ती चित्रं फार आवडली होती. आता तसंच चित्र आम्ही काढायचं होतं. परीक्षेचे गुण त्यावर होते.

आई त्याच शेतात रोजाने वेचणीला असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कॉलेजात मी सांगून ठेवलेलं, आई शिक्षिका आहे. तिने मला पाहिलं, मी मान खाली घातली. ती काय ते समजली आणि अनोळखी झाली.

आमच्याकडे वेचणीला बाया साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. बोंडाची वाळलेली टोकं सुयांसारखी टोचतात. आई म्हणाली, "हाऊ शर्ट काढा ते हात सोलाई जातीन, सर." शर्ट काढला तर हात सोलून निघतील, असं तिचं म्हणणं.

सर हसले. "तुम्हा लोकांची कातडी कधीपासून इतकी नाजूक झाली?" पोरंही हसली. आम्ही बौद्धवाड्यातले. यातले 'लोक' कोण, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मग सर माझ्याकडे वळले. "तू इकडचीच ना? तुझं ऐकेल ती. सांग."

आणि मी सांगितलं. "काकू, काढा ना शर्ट."

स्वतःच्या आईला काकू म्हणाले मी. आज लिहितानाही जीभ जळते.

तिने मुकाट्याने शर्ट काढून बांधावर ठेवला. सर सांगतील तशी वाकून दोन तास वेचत राहिली. मी हिरवा लावला, निळा लावला. हातांपाशी आले आणि ब्रश अडला. कोपरापर्यंत ओरखडे, रक्त. मी लाल घेतला.

सर मागे येऊन उभे. "ते नको. डाग वाटतात. ऊन पकड, ऊन."

मला पडद्यावरच्या त्या बाया आठवल्या. गवतानेही हात कापतात. त्यांच्या हातांवरचं कुणी पुसलं होतं?

"डाग नाहीत, सर. ती माझी आई आहे."

मी उठले. शर्ट उचलला, आईच्या अंगावर चढवला. सर एवढंच म्हणाले, "हे चित्र मी तपासणार नाही."

"नका तपासू."

वाटलं, आई आता जवळ घेईल. तिने एकेक बटण लावलं. "पह्यले काबर नही बोलनी?" आधी का नाही बोललीस, असं विचारून ती पुन्हा ओळीला लागली.



त्या विषयात मी नापास झाले. पुन्हा बसणार आहे. आईचे हातच काढणार, ओरखड्यांसकट, कागदाच्या मधोमध. तपासणाऱ्याला आधी तेच बघावं लागेल.