टीव्हीला काही झालेलं नव्हतं

गेवराईत आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे काका दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नसत. तेवढं बोलायच्या आधीही ते हातातला टेस्टर कानामागं खोचायचे.

त्या काळी टीव्हीवर एक विनोदी नट यायचा. खुर्चीत बसून सावकाश भुईमुगाच्या शेंगा सोलायचा, खायचा आणि अवाक्षर न बोलता हात जोडून निघून जायचा. आम्हाला वाटायचं, आवाज गेला. टीव्हीला थापा मारायच्या, अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी सेट उचलून काकांकडं न्यायचा. मीही दोनदा नेलाय.

"टीव्हीला काय झालं न्हाई. त्यो माणूसच गप हाय," काका सांगायचे. कुणाला पटायचं नाही. मग ते मागचं झाकण उघडून धूळ झटकायचे, परत लावून द्यायचे. आम्ही समाधानानं घरी यायचो.

गेल्या महिन्यात तो नट वारला. चौकात शोकसभा झाली. एके काळी सगळ्यात जोरात थापा मारणारे गल्लीतले पुढारी त्याच्या थोर कलेवर अर्धा तास बोलले. मग त्यांनी काकांना दोन शब्द बोलायला लावलं.

काका माईकसमोर आले. टेस्टर कानामागं खोचला, खिशातून शेंगा काढल्या आणि एकेक सोलून खाऊ लागले. मला हसू फुटलं, तीस वर्षं उशिरा. शेवटी काकांनी हात जोडले आणि ते खाली उतरले.

पुढारी माईकवाल्यावर खेकसले, "काय रे, माईक कामून बंद पडला?"