स्वॅपला दोनशे जीबी

माझं माहेर धुळ्याचं, सासर फैजपूरचं, आणि आम्ही राहतो जळगावात, पिंप्राळ्याला. मी घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. दोन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप इतका संथ झाला होता, की तो सुरू करून पोळ्या लाटायला घ्यायच्या आणि शेवटची पोळी भाजून झाली की पडद्यावर काहीतरी दिसायचं.

धुळ्याच्या भावानं फोनवर सांगितलं, "ताई, लिनक्स टाकी दे. बठ्ठं बरोबर व्हई जाई." विंडोज काढून ही दुसरी, हलकी प्रणाली टाकली की सगळं सुरळीत होईल, असं त्याचं म्हणणं. ती टाकायचा पेनड्राइव्हही त्यानंच तयार करून पाठवला. सोबत चिठ्ठी होती: रूटला पन्नास जीबी, स्वॅपला आठ, उरलेलं सगळं होमला.

त्या दिवशी माझे सासरे, नाना, डोळे तपासायला आले होते. नानांनी आयुष्यभर केळी पिकवली आणि गावातल्या निम्म्या भावांच्या वाटण्या करून दिल्या. मी डिस्क विभागायच्या पानावर पोचले तेव्हा ते शेजारी चहा पीत बसले होते. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"डिस्कची वाटणी करतेय, नाना," मी म्हणाले. हा शब्द मी वापरायला नको होता.

नानांनी कप खाली ठेवला. "एकूण किती हाये?"

"पाचशे जीबी. पण इथं चारशे पासष्टच दाखवतंय."

"पस्तीस कोठी गेले?"

डिस्क बनवणारे हजारानं मोजतात आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं, हे मी समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बांध कोरला कोणीतरी," ते म्हणाले. "वाटेकरी कोण कोण?"

मी तिघांची ओळख करून दिली. रूटमध्ये सगळी यंत्रणा राहते. होममध्ये आपल्या फायली, फोटो, व्हिडिओ. आणि मेमरी कमी पडली की जास्तीचा भार स्वॅप उचलतो.

"म्हणजे रूट घर चालवतो."

"हो."

"होम बसून राहतो."

"तसं नाही, पण हो."

"अन् सगळ्यांची अडचण जो सोसतो, त्याले आठ? त्यानं काय गुन्हा केला?"

मी दहा मिनिटं भांडले. चिठ्ठी दाखवली. नाना म्हणाले, "धुळ्याचे पाहुणे चांगलेच माणसं हायेत, पण वाटणी त्यांनी पाह्यली नाही." शेवटी तर स्वॅपवर अन्याय होतोय असं मलाच वाटायला लागलं. रूटला दोनशे, स्वॅपला दोनशे, होमला पासष्ट, असा निवाडा झाला. मी बटण दाबलं. नाना समाधानानं डोळे तपासायला गेले.

दोन महिने लॅपटॉप छान पळाला. मग शिकवणीचे व्हिडिओ आणि नणंदेच्या लग्नाचे फोटो यांनी होम काठोकाठ भरलं. एक बेरजेचा कागदसुद्धा जतन होईना. त्याच आठवड्यात नाना पुन्हा आले. मी त्यांना पडद्यावर दाखवलं. स्वॅप: दोनशेपैकी वापर शून्य.

नानांनी त्या शून्यावर बोट ठेवलं. "एकही दिवस कामाले गेला नाही?"

"गरज पडली नाही त्याला."

"मग काढून घे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज जरा दुखावल्यासारखा होता.

काढून घेणं सोपं नव्हतं. भावानं सांगितलं, की स्वॅपची जागा मिळवायला होमला मागं सरकवावं लागेल, त्यात सगळ्या फायली उचलून नव्या जागी जातात, आणि मध्येच वीज गेली तर लग्न गेलं म्हणून समज. आधी बॅकअप घे, असंही म्हणाला. बॅकअपला जागा असती तर हे करावंच लागलं नसतं.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, आणि चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच वीज आत जायची. नाना म्हणाले, "मी धरतो." सकाळी दहाला त्यांनी पिन धरली. मी बटण दाबलं, आणि काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढं सरकू लागली. मी त्यांना चहा बशीतून पाजला. त्यांच्या नाकाला खाज सुटली तेव्हा नाकही मीच खाजवलं. सून म्हणून इतक्या वर्षांत हे काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं. शेजारच्या अक्का साखर मागायला आल्या, आणि नानांनी त्यांना मान हलवूनच दारात थांबवलं.

एक वाजून गेल्यावर काम पूर्ण झाल्याची खूण आली. स्वॅप आठ, होम दोनशे सत्तावन्न. लग्नाचा पहिला फोटो उघडला. नणंद जशीच्या तशी होती.

नानांनी पिन सोडली, पण बोटं काही सरळ होईनात. दुपारी ते तशाच वाकड्या बोटांनी वरण-भात जेवले. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "त्या आठात भागेल ना त्याचं?"

भागेल, म्हटलं. मग त्यांनी आणखी भात वाढून घेतला.